राजेंद्रबाबूंची शंका आणि राष्ट्रपतींची सही

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयासमोरच्या भगवानदास मार्गावर इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची इमारत आहे. मंडी हाऊसकडून न्यायालयाकडे जाणारा मराठी अधिकारीवर्ग या इमारतीवरून नेहमीच ये-जा करीत असतो. तिची कोनशिला २८ नोव्हेंबर १९६० रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. अशा समारंभात राष्ट्रपतींनी चार औपचारिक वाक्ये बोलावीत आणि निरोप घ्यावा, अशी रीत असते. राजेंद्रबाबूंनी त्या दिवशी जमलेल्या कायदेपंडितांपुढे एक प्रश्न ठेवला. भारताच्या राष्ट्रपतींचे अधिकार इंग्लंडच्या राजाइतकेच मर्यादित आहेत काय, आणि असल्यास ते घटनेच्या कोणत्या शब्दांवरून ठरते, याचा अभ्यास विधिज्ञांनी करावा, असे त्यांनी सुचविले.

राष्ट्रपती होऊन तेव्हा त्यांना दहा वर्षे उलटून गेली होती. ज्या घटना समितीने घटना तयार केली तिचे ते अध्यक्ष होते. अशा व्यक्तीने आपल्याच पदाच्या मर्यादेविषयी जाहीरपणे शंका काढावी, याने राजधानीत खळबळ उडाली नसती तरच नवल. राष्ट्रपतींना अधिक अधिकार हवे आहेत, असा अर्थ अनेकांनी काढला. या प्रश्नामागे अकरा वर्षांचा पत्रव्यवहार होता, हे मात्र तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होते. तो पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला. त्यावरून राजेंद्रबाबूंचे चरित्र वाचले की, राष्ट्रपतींच्या अधिकाराची सीमारेषा आपल्याकडे कशी आखली गेली, हे बऱ्याच अंशी उलगडते.

जिरादेईचा विद्यार्थी

राजेंद्र प्रसाद यांचा जन्म ३ डिसेंबर १८८४ रोजी बिहारच्या तेव्हाच्या सारण जिल्ह्यातील जिरादेई या गावी झाला. आज हे गाव सिवान जिल्ह्यात येते. घराणे जमीनदाराचे. वडील महादेव सहाय हे फारसी आणि संस्कृतचे जाणकार होते. त्या काळच्या चालीप्रमाणे वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास राजेंद्रबाबूंचा राजवंशीदेवींशी विवाह झाला. १९०२ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ते पहिले आले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. पुढे एम. ए. करून काही काळ त्यांनी मुजफ्फरपूरच्या महाविद्यालयात अध्यापन केले. मग कायद्याचा अभ्यास करून ते कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९१५ मध्ये कायद्याची पदव्युत्तर परीक्षा त्यांनी सुवर्णपदकासह उत्तीर्ण केली. १९१६ मध्ये पाटण्याला उच्च न्यायालय सुरू झाले, तेव्हा ते तिकडे गेले.

त्यांच्या कलकत्त्यातील दिवसांचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९१० मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी या हुशार तरुणाला बोलावून घेतले आणि पुण्याच्या भारत सेवक समाजात येण्याविषयी सुचविले. राजेंद्रबाबूंच्या मनाने ही गोष्ट घेतली. थोरले बंधू महेंद्रप्रसाद यांच्याशी समोरासमोर बोलण्याचा धीर होईना, म्हणून त्यांनी पत्र लिहून परवानगी मागितली. घरच्या मंडळींना झालेले दुःख पाहून अखेर त्यांनी तो बेत सोडून दिला. मनातले सविस्तर लिहून मांडायचे, उत्तराची वाट पाहायची आणि निर्णय विरुद्ध गेला तर तो कटुता न ठेवता स्वीकारायचा, हा त्यांचा स्वभाव येथे प्रथम दिसतो. चाळीस वर्षांनंतर राष्ट्रपती भवनातही तो बदलला नाही.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती चंपारणमध्ये. एप्रिल १९१७ मध्ये राजकुमार शुक्ल गांधीजींना घेऊन पाटण्यास राजेंद्रबाबूंच्या घरी आले, तेव्हा ते गावी नव्हते. पाहुण्याची जात ठाऊक नसल्याने नोकरांनी गांधीजींना घरातला शौचकूपही वापरू दिला नाही, अशी नोंद गांधीजींच्या आत्मकथेत आहे. पुढे राजेंद्रबाबू आणि त्यांचे वकील सहकारी चंपारणात गेले. निळीच्या मळ्यांवर राबणाऱ्या हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या त्यांनी उतरवून घेतल्या. तेथेच त्यांनी आपापली वेगळी चूल सोडून एका पंक्तीत जेवण्यास आरंभ केला. वळण सनातनी असले तरी हा गृहस्थ हट्टाग्रही नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९२० मध्ये असहकाराच्या चळवळीत त्यांनी भरभराटीची वकिली सोडली. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा ते कैदेत होते. सुटका होताच त्यांनी मदतकार्य हाती घेतले. त्यांनी उभा केलेला निधी खुद्द व्हाइसरॉयच्या निधीपेक्षा मोठा ठरला. त्याच वर्षी मुंबईच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९३९ मध्ये सुभाषबाबूंनी राजीनामा दिल्यावर आणि १९४७ मध्ये आचार्य कृपलानी पायउतार झाल्यावर पक्षाने पुन्हा त्यांच्याकडेच धाव घेतली. पक्ष अडचणीत आला की सर्वांना चालणारा माणूस म्हणून त्यांचे नाव पुढे येई. घटना समितीने ११ डिसेंबर १९४६ रोजी त्यांना अध्यक्ष निवडले, तेही याच सर्वमान्यतेमुळे.

मसुद्यातील मोकळी जागा

घटना समितीने संसदीय पद्धती स्वीकारली. राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, ही सूचना नेहरूंनी मान्य केली नाही. साऱ्या देशाने निवडून दिलेला राष्ट्रपती मंत्रिमंडळाला समांतर सत्ताकेंद्र होईल, ही त्यामागची भीती होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे असल्याचे स्पष्ट केले होते. तो राज्याचा प्रमुख असेल, शासनाचा असणार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

मात्र घटनेच्या कलमांत हे इतक्या स्पष्टपणे उतरले नाही. कलम ५३ ने संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवली. कलम ७४ ने त्यांना साहाय्य व सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल, एवढेच सांगितले. हा सल्ला मानलाच पाहिजे, असे शब्द मूळ कलमात नव्हते. राष्ट्रपतींसाठी मार्गदर्शक सूचनांचे एक परिशिष्ट जोडावे आणि मंत्र्यांच्या सल्ल्याने चालण्याची गोष्ट त्यात नमूद करावी, असाही विचार झाला होता. संकेत पुरेसा आहे, असे ठरल्याने ते परिशिष्ट अखेरीस गळाले.

ही मोकळी जागा अध्यक्षांच्या खुर्चीवरील वकिलाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. १९४९ मध्ये कामकाज चालू असताना राजेंद्रबाबूंनीच डॉ. आंबेडकरांना, सल्ला बंधनकारक करणारी तरतूद कोठे आहे, असे विचारले होते. संसदीय पद्धतीच्या चौकटीतच ते अभिप्रेत आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाच्या भाषणात त्यांनी ही उणीव पुन्हा नोंदविली. अशी तरतूद आपल्याला दिसत नाही, पण इंग्लंडमधील संकेत येथेही रुजेल आणि राष्ट्रपती सर्व बाबतींत घटनात्मक प्रमुख म्हणून वागेल, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. दोनच महिन्यांनी हा संकेत रुजविण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येऊन पडली.

नेहरूंचा कल तत्पूर्वी राजगोपालाचारींकडे होता. काँग्रेस पक्षातील बहुसंख्य मात्र राजेंद्रबाबूंच्या बाजूने होते. २४ जानेवारी १९५० रोजी त्यांची निवड झाली आणि २६ जानेवारीला राष्ट्रपती भवनाच्या दरबार हॉलमध्ये त्यांनी शपथ घेतली. ती शपथ घटनेचे जतन, संरक्षण आणि प्रतिरक्षण करण्याची होती. राजेंद्रबाबूंच्या दृष्टीने या शब्दांना वजन होते. घटनेचे रक्षण करण्याची शपथ घेणाऱ्याने समोर आलेल्या कागदावर विचार न करता सही करावी, हे त्यांच्यातील वकिलाला पटणारे नव्हते.

पहिली कसोटी जमिनीची

वर्ष उलटण्यापूर्वीच पहिला प्रसंग आला. बिहार विधिमंडळाने जमीनदारी नष्ट करणारा कायदा मंजूर केला होता आणि तो राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीस आला. मोबदल्याच्या तरतुदींविषयी राजेंद्रबाबूंना शंका होत्या. कायद्याची घटनात्मक बाजू नीट तपासावी, असे त्यांचे म्हणणे होते. ते स्वतः बिहारच्या जमीनदार घराण्यातले, त्यामुळे त्यांच्या हेतूविषयी कुजबुज होणे साहजिक होते. पण शंका निखालस खोटी नव्हती. मंत्रिमंडळाचा आग्रह कायम राहिला आणि सप्टेंबर १९५० मध्ये त्यांनी संमती दिली.

पुढे जे घडले ते बोलके आहे. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने हा कायदा समानतेच्या हक्काच्या मुद्द्यावर रद्द ठरविला. संसदेने लगोलग पहिली घटनादुरुस्ती करून नववे परिशिष्ट जोडले आणि अशा कायद्यांना संरक्षण दिले. त्या परिशिष्टात पहिल्या क्रमांकावर बिहारचा हा कायदा आहे आणि दुसऱ्या क्रमांकावर मुंबई प्रांताचा १९४८ चा कूळकायदा, ज्यामुळे महाराष्ट्रातील लाखो कुळांचे भवितव्य ठरले. कायदा घटनेत बसतो की नाही हे न्यायालयाने ठरविले आणि घटना बदलायची की नाही हे संसदेने ठरविले. राष्ट्रपतींची शंका खरी ठरूनही तिचा निवाडा राष्ट्रपती भवनात झाला नाही. संमती अडवून धरली असती तर न्यायालय आणि संसद या दोघांचेही काम एका व्यक्तीने आपल्याकडे घेतल्यासारखे झाले असते.

मे १९५१ मध्ये सोमनाथचा प्रसंग उद्भवला. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेलांनी सोमनाथ मंदिराच्या पुनर्बांधणीची घोषणा केली, तेव्हा पुण्याचे काकासाहेब गाडगीळ त्यांच्यासोबत होते. प्राणप्रतिष्ठेच्या सोहळ्यास राष्ट्रपतींनी जाऊ नये, असे नेहरूंचे मत होते. धर्मनिरपेक्ष राज्याच्या प्रमुखाने अशा समारंभाशी जोडले जाऊ नये, असे त्यांना वाटे. राजेंद्रबाबूंनी ते मानले नाही आणि ११ मे रोजी ते सोमनाथला गेले. या घटनेचा राजकीय अन्वयार्थ आजही दोन्ही बाजूंनी हिरीरीने लावला जातो. घटनेच्या दृष्टीने पाहता, येथे ना एखाद्या विधेयकावरील संमतीचा प्रश्न होता, ना शासनाच्या निर्णयाचा. राष्ट्रपतींनी एका समारंभास हजर राहावे की नाही, एवढाच तो वाद होता. राजेंद्रबाबूंनी जो आग्रह तडीस नेला तो या स्वरूपाचा होता. शासनाच्या निर्णयांबाबत त्यांनी तसा आग्रह शेवटपर्यंत ताणला नाही.

हिंदू कोड बिल

खरी परीक्षा झाली ती सप्टेंबर १९५१ मध्ये. डॉ. आंबेडकर कायदामंत्री या नात्याने हिंदू कोड बिल संसदेतून पार पाडण्याची शर्थ करीत होते. विवाह, घटस्फोट, दत्तक आणि वारसा या विषयांतील हिंदू स्त्रीचे स्थान त्यामुळे आमूलाग्र बदलणार होते. राजेंद्रबाबूंचा या विधेयकाला विरोध १९४८ पासूनचा. घटना समितीचे अध्यक्ष असतानाच त्यांनी नेहरूंना त्याविषयी लिहिले होते. आता राष्ट्रपती म्हणून त्यांनी पंतप्रधानांना पत्र पाठवून कळविले की, या विधेयकाबाबत आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ इच्छितो. संसदेकडे संदेश पाठविणे, विधेयक परत करणे किंवा संमती नाकारणे हे मार्ग आपल्याला खुले आहेत, असा त्यांचा पवित्रा होता.

त्यांचा युक्तिवाद वरवरचा नव्हता. तेव्हाची संसद हंगामी होती. १९४६ मध्ये मर्यादित मताधिकारावर निवडल्या गेलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी तिचे बहुतांश सदस्य निवडले होते. प्रौढ मताधिकारावरील पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. कोट्यवधी लोकांच्या घरगुती जीवनात एवढा मोठा बदल करण्याचा जनादेश या सभागृहाला कोणी दिला, हा त्यांचा सवाल होता. पण या युक्तिवादाची दुसरी बाजू तितकीच गंभीर होती. ज्या सभागृहाला देशाची घटना करण्याचा अधिकार पोचत होता, त्याला विवाहाचा कायदा करण्याचा अधिकार नाही, असे कसे म्हणता येईल? आणि जनादेश नाही हे ठरवायचे कोणी? अप्रत्यक्ष पद्धतीने निवडून आलेल्या एका व्यक्तीने?

नेहरूंनी या पत्राची गंभीर दखल घेतली. राष्ट्रपती शासनाच्या आणि संसदेच्या इच्छेविरुद्ध जाऊ लागले तर लोकसभेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ ही कल्पनाच निरर्थक होते, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आणि घटना समितीतील ज्येष्ठ कायदेपंडित अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत मागविले. सेटलवाड हे मुंबई उच्च न्यायालयाच्या परंपरेतले नावाजलेले वकील. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागले पाहिजे, असा स्पष्ट अभिप्राय दोघांनीही दिला.

संघर्ष टोकाला जाण्याआधीच विधेयक मागे पडले. मात्र ते राष्ट्रपतींच्या पत्रामुळेच पडले, असे समजणे चूक ठरेल. काँग्रेस पक्षात आणि सभागृहात त्याला असलेला विरोध हे मुख्य कारण होते. डॉ. आंबेडकरांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. देशातील स्त्रियांना आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली.

त्यानंतर सार्वत्रिक निवडणूक झाली. नेहरूंनी आपल्या प्रचारात हा विषय टाळला नाही आणि काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले. मे १९५२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत राजेंद्रबाबूंना ५,०७,४०० मते मिळाली आणि त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी के. टी. शहा यांना ९२,८२७. आता मूळ विधेयकाचे चार स्वतंत्र भाग करण्यात आले. संसदेत ते पुढे नेण्यात कायदा खात्याचे मंत्री हरि विनायक पाटसकर या महाराष्ट्रातील नेत्याचा मोठा वाटा होता. हिंदू विवाह कायद्याला मे १९५५ मध्ये, वारसा कायद्याला जून १९५६ मध्ये आणि अज्ञान व पालकत्व तसेच दत्तक व पोटगी या विषयांवरील कायद्यांना त्याच वर्षाच्या अखेरपर्यंत राष्ट्रपतींची संमती मिळाली. चारही कायद्यांखाली सही राजेंद्र प्रसाद यांचीच. मनातून त्यांना हे कायदे पटले होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण निवडून आलेल्या संसदेने ते मंजूर केले होते आणि मंत्रिमंडळाने सल्ला दिला होता. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा एका सनातनी वळणाच्या राष्ट्रपतीच्या सहीने अंमलात आला.

शंका आणि शिस्त

१९५७ मध्येही नेहरूंच्या मनात उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांचे नाव होते. पक्षाचा कौल पुन्हा राजेंद्रबाबूंच्या बाजूने पडला. राष्ट्रपतिपदावर दोनदा निवडून आलेली दुसरी व्यक्ती आजवर झालेली नाही. जुलै १९५९ मध्ये केरळमधील नंबुद्रीपाद सरकार बरखास्त करण्याचा सल्ला मंत्रिमंडळाने दिला, तेव्हा त्यांनी तो मानला आणि उद्घोषणेवर सही केली.

दरम्यान १९५५ मध्ये रामजवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या घटनेत राष्ट्रपती हे औपचारिक वा घटनात्मक प्रमुख असून खरी कार्यकारी सत्ता मंत्रिमंडळाकडे आहे, असा निर्वाळा दिला होता. तरीही राजेंद्रबाबूंचे समाधान झालेले नव्हते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्यांचे आमदारही मतदान करतात. राष्ट्रपतींवर महाभियोग चालविता येतो, राजावर येत नाही. प्रत्येक कृती दुसऱ्याच्या सल्ल्याने करणाऱ्यावर महाभियोग कशासाठी, हा त्यांच्या बाजूचा सर्वांत टोकदार प्रश्न होता. १९६० च्या त्या भाषणामागे ही सारी पार्श्वभूमी होती. नेहरूंनी जाहीरपणे वाद वाढू दिला नाही. राष्ट्रपती नेहमी घटनात्मक प्रमुख म्हणूनच वागत आले आहेत, असे सांगून त्यांनी विषय मिटविला. हे विधान वस्तुस्थितीला धरून होते. भाषण ऐकून घाबरलेल्यांनी राजेंद्रबाबूंची दहा वर्षांची कारकीर्द पाहिली असती, तर ती भीती त्यांना वाटली नसती.

१९६१ मध्ये ते गंभीर आजारी पडले आणि काही काळ डॉ. राधाकृष्णन यांनी राष्ट्रपतींची कामे पाहिली. मे १९६२ मध्ये निवृत्त होऊन ते पाटण्याच्या सदाकत आश्रमात राहावयास गेले. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि त्याच वर्षी राजवंशीदेवींचे निधन झाले. २८ फेब्रुवारी १९६३ रोजी राजेंद्रबाबूंनी आश्रमातच अखेरचा श्वास घेतला.

त्यांच्यानंतरची रेषा

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पुढील काळात टप्प्याटप्प्याने मिळाले. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने मंत्रिमंडळाचा सल्ला हाच नियम असल्याचे पक्के केले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपती सल्ल्यानुसार वागतील, असे शब्द कलम ७४ मध्ये घातले. राजेंद्रबाबूंना मसुद्यात न सापडलेले शब्द अशा रीतीने सत्तावीस वर्षांनी घटनेत आले. पण ते आणीबाणीच्या काळात आले, हे विसरता येत नाही.

किंबहुना राष्ट्रपतींनी काहीच न विचारण्याचा धोका त्याच काळात दिसला होता. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकच झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. म्हणजे ज्या सल्ल्याला घटना मानते, तो मंत्रिमंडळाचा सल्ला सहीच्या क्षणी अस्तित्वात नव्हता. मंत्रिमंडळाचा निर्णय कोठे आहे, एवढे विचारण्याने कोणत्याही मर्यादेचा भंग झाला नसता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने दोन्ही बाजू सावरल्या. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरला. तसेच कोणताही सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र त्यांच्यावर बंधनकारक आहे.

राजेंद्रबाबू जे पत्रांतून करीत आले, ते आता घटनेच्या कलमात आहे. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठविली ती याच अधिकारात. २००६ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक कलम १११ खाली संसदेकडे परत केले. संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर त्यांनी सही केली. या दोन्हींपेक्षा वेगळा मार्ग ग्यानी झैलसिंग यांनी निवडला होता. १९८६ मध्ये आलेल्या टपाल विधेयकावर त्यांनी संमतीही दिली नाही आणि ते परतही केले नाही. कलम १११ मध्ये मुदत लिहिलेली नसल्याने हे शक्य झाले. संमतीच्या मुदतीचा हा प्रश्न २०२५ मध्ये पुन्हा ऐरणीवर आला. राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मत दिले. न्यायालय राष्ट्रपतींना किंवा राज्यपालांना ठरावीक कालमर्यादा घालून देऊ शकत नाही आणि मुदत टळली म्हणून संमती मिळाली असे मानता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे मर्यादेचा काही भाग अजूनही पदावरील व्यक्तीच्या तारतम्यावर सोपविलेला आहे.

राजधानीत काम करणाऱ्या अधिकारीवर्गाला हा पेच परका नाही. फाइलवर स्वतःचे मत स्पष्ट लिहावे, कायद्याची अडचण दाखवावी, पण अधिकृत निर्णय झाल्यावर त्याची अंमलबजावणी करावी, हा प्रशासनाचा जुना धडा आहे. मत न लिहिता नुसती सही करणारा अधिकारी जसा कामाचा नसतो, तसाच स्वतःचे मत हाच अंतिम निर्णय समजून फाइल दडपून ठेवणाराही नसतो. देशाच्या सर्वोच्च पदावर हा धडा प्रथम कोणी गिरविला असेल तर तो राजेंद्र प्रसाद यांनी. राष्ट्रपतींचे हात बांधलेले आहेत, हे त्यांना अखेरपर्यंत पूर्णपणे पटले नव्हते. तरीही बारा वर्षांत त्यांनी मंत्रिमंडळाचा एकही सल्ला अखेरीस धुडकावला नाही. लिखित तरतूद नसताना संकेत रुजला, याचे श्रेय जितके नेहरूंच्या ठामपणाला आणि सेटलवाडांच्या अभिप्रायाला आहे, तितकेच पटत नसतानाही वेळेवर सही करणाऱ्या या राष्ट्रपतीला आहे. भगवानदास मार्गावरून जाताना त्या कोनशिलेची आठवण ठेवावी ती एवढ्यासाठीच.